एकाच वाटेनं दोनदा

आप्पा, कुवेतमध्ये थंडी सरत आली आहे आणि वाळवंटावर हिरवं आलं आहे. तुमचा यावर विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा कशावरच चटकन विश्वास बसायचा नाही. दुधात पाणी असणार, तलाठ्याच्या गोड बोलण्यात काहीतरी असणार, आणि मी शाळेतून लवकर घरी आले तर त्यातही काहीतरी असणार. हा स्वभाव तुम्ही मला देऊन गेलात. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे इथला रखवालदार, सकाळी हसून सलाम करतो तेव्हा माझ्या मनात आधी येतं, याला आज काय हवंय. या स्वभावापायी गेल्या महिन्यात मी एका माणसाचं काम घालवलं. तेव्हापासून तुम्ही आठवताय, आणि तुमच्या पठारावरचे ते मेंढपाळमामा आठवताहेत. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे या पत्राचा तुम्हाला उपयोग नाही. तरी लिहायला बसले आहे.

आम्ही हवल्लीत राहतो. आठवडाभर मी एका कंपनीच्या ऑफिसात लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून देते आणि शुक्रवारी सुट्टी असते. तीन वर्षांपूर्वी इथल्या पक्षी मोजणाऱ्या एका गटात मी शिरले. केरळचे एक इंजिनिअर तो गट चालवतात. शहराच्या उत्तरेला खाडीच्या वर एक कडा आहे, त्यावर उघडं, वाऱ्यानं झोडपलेलं पठार. त्याला कुंपण आहे, आत जायला परवानगीचा कागद लागतो. एरवी तिथं दगड आणि वारा, दुसरं काही नाही. पण हिवाळ्यात दोन-चार सरी पडल्या की फेब्रुवारीत त्या दगडांतून बोटभर गवत येतं, अरफजच्या झुडपांना पिवळी फुलं येतात, आणि आफ्रिकेकडून उत्तरेला निघालेले पक्षी तिथं दम खायला उतरतात. प्रत्येक दगडावर एक रणगोजा शेपटी हलवत असतो. चंडोल सरळ वर जातो, गातो आणि दगड पडावा तसा खाली येतो. ऊन तापेपर्यंत गरुड जमिनीवरच बसून राहतात, सरकारी ऑफिसात साहेबाची वाट बघणारे लोक बसतात तसे. पहिल्याच शुक्रवारी मला भोवत्या दिसला, गवताला पोट लावून तिरका तिरका उडणारा शिकारी पक्षी. तुमच्या पठारावरून होळीच्या सुमारास उठून जायचा तो. तोच इथं येतो असं नाही, तुमच्याकडचे दुसऱ्या वाटेनं जातात म्हणे. तरी मी त्याला ओळख दिली.

आणि इथं धाविक आहे, आप्पा. आपल्याकडच्यापेक्षा फिका, वाळूच्या रंगाचा, पण चाल तीच. पाच-सहा पावलं धावायचं, एकदम थांबायचं, ताठ उभं राहून आपल्याकडं बघायचं. तोही संशयीच. उघड्या जमिनीवर, काडी न ठेवता अंडी घालतो आणि ती खड्यांत खडे होऊन जातात.

तुम्ही सातारकडच्या त्या पठाराचे वनरक्षक आणि आपण क्वार्टरमध्ये राहायचो, ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. आता तिथं पवनचक्क्या आहेत. तेव्हा फक्त गवत होतं, माघ संपता संपता वाळून पांढरं पडलेलं, आणि दिवसभर वारा. मला घेऊन फिरताना तुमचा एकच नियम असायचा. घरट्याकडे एकाच वाटेनं दोनदा जायचं नाही. सरळ चालत जायचं नाही, जवळ थांबायचं नाही. बाजूनं जाता जाता तिरक्या डोळ्यानं बघायचं आणि परतायचं ते दुसरीकडून. खूण तर करायचीच नाही. "माणसाला दिसंल ती खूण कोल्ह्यालाबी दिसती," असं म्हणायचात. मी तो नियम पाढ्यासारखा पाठ केला होता. पाठ असणं आणि पाळणं यातलं अंतर मला फार उशिरा कळलं.

एक संध्याकाळ आठवते. मी अकरा वर्षांची आहे. आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीच्या उजेडात निरीक्षण वही भरताय, आणि दाराशी मेंढपाळमामा बशीत चहा ओतून पिताहेत. दर वर्षी दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन यायचे, राखीव हद्दीच्या बाहेर चारायचे, आणि पठारावर कुठं काय उतरलं ते तुम्हाला येऊन सांगायचे. तुमच्या वहीतल्या निम्म्या नोंदी त्यांच्या डोळ्यांच्या होत्या. त्या दिवशी मी म्हणाले, तळ्यावर पाणी प्यायला चाळीस पखुर्ड्या उतरल्या होत्या. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "कशावरून?" मी म्हणाले, मोजल्या. "किती वेळा?" एकदा. तुम्ही लिहिलेला आकडा खोडलात आणि म्हणालात, "डोळ्यांनी बघितलं ते लिहावं, मनानं बघितलं ते गिळावं." मामा म्हणाले, "आसंल की ओ गार्डसाहेब, पोरगी कशाला खोटं बोलंल?" त्यावर तुम्ही, "मी खोटं म्हनलो न्हाई. कशावरून, म्हनलो." माझे कान तापले होते. दुसऱ्या दिवशी मामांनी मला दोन गारगोट्या दिल्या, दुधासारख्या पांढऱ्या, एकमेकींवर आपटल्या की ठिणगी पडणाऱ्या. माझी समजूत काढायला दिल्या असाव्यात.

त्याच मोसमात धाविकाचं एक घरटं रिकामं झालं आणि तुम्ही मामांना पठार बंद केलंत. ते तुम्ही विसरला नसाल. त्यातलं तुम्हाला ठाऊक नाही ते मी सांगणार आहे, पण आधी इथलं सांगते, कारण इथलं घडलं म्हणून मला तिथलं नीट दिसलं.

आमच्या गटाला कड्यावर न्यायला एक भाड्याची मिनीबस येते. यंदा तिच्यावर रत्नागिरीकडचे एक भाई ड्रायव्हर होते. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, अब्बासियात सहाजणांत एक खोली. मी मराठी बोलते हे कळल्यावर ते खूश झाले आणि मी सावध झाले. परदेशात आपल्या भाषेत जवळ येणाऱ्या माणसाकडं आपण दोन प्रकारे बघतो, जिव्हाळ्यानं नाहीतर संशयानं. मी दुसऱ्या प्रकारातली. ते गाडीत थांबायचे नाहीत. आम्ही दुर्बिणी लावून बसलो की ते आपले एकटेच मागं हात बांधून फिरायचे, वाकून जमिनीकडं बघायचे. फोन आला की दूर जाऊन अरबीत बोलायचे. ड्रायव्हरला पक्ष्यांच्या जागेत एवढं काय बघायचं असतं, हे मला पडलेलं कोडं. मग एका शनिवारी राई नावाच्या भागातल्या बाजारात ते मला दिसले. पक्ष्यांचे पिंजरे मांडतात त्या बाजूनं येत होते, हातात खोका, खोक्याला भोकं पाडलेली. मला बघून त्यांनी खोका जरा मागं घेतला. मी घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "अगं, बाजारात माणूस खोकाच घेऊन फिरणार, हत्ती घेऊन नाही." मला ते पटलं नाही. इथं वसंतात रानातले पक्षी धरणारे लोक आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्याच शुक्रवारी मला धाविकाचं घरटं सापडलं. एक अंडं. कड्याच्या अलीकडं एक वाळूचा पट्टा आहे, त्याच्या पलीकडच्या बारीक खड्यांत. गट चालवणाऱ्या आमच्या प्रमुखांना सांगितलं, त्यांनी नोंद केली आणि सगळ्यांना बजावलं की जवळ जायचं नाही. आठ दिवसांनी दुसऱ्या शुक्रवारी गेलो तेव्हा मी मुद्दाम मोठा वळसा घालून, लांबून पाहिलं. म्हणजे तोवर मी तुमची मुलगी होते. दोन अंडी होती. मादी उठली, पाच पावलं धावली, थांबली. मी आनंदानं परत फिरले आणि टेकाडावर बसून डबा उघडला.

आणि तिथून मला भाई दिसले. वाळूच्या पट्ट्यावर वाकून ते एक सुकी फांदी मागं ओढत होते. थोडं ओढायचे, थांबायचे, आजूबाजूला बघायचे, परत ओढायचे. मी तुमची दुर्बीण लावली. इथं यायला निघाले तेव्हा तुम्ही दिलेली तीच, डाव्या काचेला बुरशी धरलेली. उजव्या डोळ्यानं मला स्वच्छ दिसलं की हा माणूस वाळूवरच्या पाऊलखुणा पुसतो आहे. चोराशिवाय स्वतःच्या पाऊलखुणा दुसरं कोण पुसतं? मी डबा तसाच टाकला. ते गाडीकडं गेल्याबरोबर मी तडक निघाले, सरळ रेषेत, पट्ट्यामधून, घरट्यापर्यंत. अंडी दोन्ही जागेवर होती. तरी मला चैन पडेना. पुढच्या वेळी कळावं, कुणी हात लावला तर पुरावा असावा, म्हणून मी घरट्यापासून दोन हातांवर तीन दगड एकावर एक रचले, कसे रचले त्याचा फोटो काढला, आणि आले त्याच वाटेनं परतले. गाडीत बसताना भाई माझ्याकडं बघत होते, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. मी खिडकीकडं मान वळवली.

तिसऱ्या शुक्रवारी घरटं रिकामं होतं. कवच नाही, काही नाही. दोन आठवड्यांत पिल्लं निघणं शक्यच नव्हतं. तीन दगड मात्र जसेच्या तसे. मी प्रमुखांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. खोका, फोन, फांदी. ते शांत माणूस आहेत. त्यांनी विचारलं, "आपने खुद देखा?" मी म्हणाले, खुद देखा, अपनी आँखों से. "उसका नाम क्या है?" आप्पा, तीन महिने मी त्या माणसाच्या गाडीत बसले होते, त्याच्या हातचा चहा प्याले होते, आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. मी गाडीचा नंबर सांगितला.

प्रमुखांनी कंपनीला कळवलं. कंपनीनं भाईंना त्या कामावरून काढून गॅरेजमध्ये गाड्या धुवायला लावलं. शिवाय प्रमुख म्हणाले की ही राखीव जागा आहे, परवानगी आमच्या नावावर आहे, तेव्हा हे सरकारी खात्याला लेखी द्यावं लागेल; तुम्ही पाहिलेलं लिहून द्या, रविवारी ऑफिस उघडलं की देतो. तशी तक्रार गेली की इथं काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, जातो. बोटांचे ठसे घेतात आणि विमानात बसवतात, परत यायचं नाही. मी हो म्हणाले. घरी येऊन लिहायलाही बसले, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आपण म्हणत होतो तसंच निघालं, याचा एक वाईट आनंद असतो. तुम्हालाही तो व्हायचा. मामांना घालवलंत त्या रात्री तुम्ही दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या होत्या.

लेक स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये बघत होती. सोळाची आहे, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तिनं पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "ममा, डिड यू आस्क हिम?" मी म्हणाले, चोराला काय विचारायचं? ती म्हणाली, "सो यू डिडन्ट." आणि फ्रीजमधून दही घेऊन निघून गेली. मी तिच्यावर चिडले. मग तशीच बसून राहिले, कारण मला पठारावरचा तो दिवस दिसायला लागला. तुम्ही मामांना बोलावून घेतलंत. रिकाम्या खळग्याशी उभं केलंत. तिथं तीन दगड रचलेले होते. तुम्ही म्हणालात, "असं दगड मेंढकं रचत्यात. ही खूण तुझी. कुनाला दावायला केलीस?" त्यांनी केलं का, हे तुम्हीही विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी राईतलं ते गॅरेज शोधत गेले. गाडीचा नंबर तेवढा माझ्याकडं होता. भाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइपनं बस धूत होते. मला बघितलं आणि पाइप बंद केला. मी विचारलं, "भाई, त्या दिवशी फांदीनं तुम्ही काय पुसत होतात?"

"तुमची पावलं," ते म्हणाले.

मला कळलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी हात पुसले आणि शांतपणे सांगितलं. त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. कासव परत गेलं की वाळूत त्याचा माग राहतो, आणि कोल्हा त्या मागावरून चालत जाऊन अंडी उकरतो. म्हणून गावातली माणसं पहाटे जाऊन झावळीनं माग पुसतात. त्यांनी लहानपणी ते काम केलेलं. "तुमी पहिल्या शुक्रवारी वाळूतून सरळ गेल्यात, सरळ आल्यात. हप्ताभर वारा नव्हता. तुमची पावलं तशीच, आन त्याच्या बाजूबाजूनं कोल्ह्याची. अर्ध्यात येऊन तो फिरला होता. मना वाटलं, पुसून टाकूया, तर फांदी ओढली. मी बघतोय तर तुमी परत त्याच वाटेनं गेल्यात. आन वर दगडं ठेवलात."

मी म्हणाले, "मग मला सांगितलं का नाही?"

"कसा सांगू? तुमी माझ्याकडं असं बघत होत्या. मी म्हटलो असतो कोल्हा येतोय, तर तुमी म्हटलं असतं, याला कसा ठाऊक." ते थोडं हसले. "खोक्यात कोंबडी होती ताई. गावठी. खोलीवर बिर्याणी करायची होती. तुमी त्या दिवशी बाजारात अशा बघितल्यात, मीच घाबरलो, म्हटलं कोंबडी न्यायला पन कागद लागतो की काय."

मी तिथं गाड्यांच्या साबणपाण्यात उभी होते. मी जे पाहिलं होतं ते खरं होतं, आप्पा. अगदी तुमच्या नियमाप्रमाणं डोळ्यांनी पाहिलेलं. भाई पाऊलखुणाच पुसत होते. फक्त त्या माझ्या होत्या. मी त्यांच्यावर संशय घेतला नसता तर त्याच वाटेनं दुसऱ्यांदा गेले नसते, दगड रचले नसते, आणि त्या मादीची दोन अंडी कदाचित राहिली असती. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी "जाऊ द्या" म्हटलं आणि पाइप परत चालू केला. तिथूनच प्रमुखांना फोन लावला. मी म्हणाले, लेखी काही द्यायचं नाही, चूक माझी आहे, घरट्याकडं वाट मी पाडली. हे सगळ्या गटाला मी सांगेन, आणि भाईंना कामावर परत घ्या. ते मग म्हणाले, "अच्छा हुआ आज बताया." मी गटाच्या व्हॉट्सॲपवर तसं लिहिलं.

आता तुमचं राहिलेलं. पखुर्ड्यांची नोंद तुम्ही खोडलीत त्यानंतर चार दिवसांनी मला धाविकाचं घरटं सापडलं. एकटीला. तुम्ही दोन दिवसांसाठी खाली रेंज ऑफिसला गेला होतात. तुम्ही आल्यावर मी सांगणार आणि तुम्ही म्हणणार, कशावरून. पठार एवढं मोठं, ती जागा परत सापडली नाही तर? म्हणून मी तीन दगड रचले. ते मामांनी रचले नव्हते. मी रचले होते, आणि लांबून चमकावा म्हणून सगळ्यात वर मामांनी दिलेल्या दोन गारगोट्यांपैकी एक ठेवली होती. दोन दिवसांत मी तिथं पाच वेळा गेले, अंडी आहेत ना ते बघायला. पाचव्या वेळी नव्हती. तुम्ही परत आलात आणि मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हालाच ते दगड दिसले.

तुम्ही मामांना खळग्याशी उभं केलंत तेव्हा मी तुमच्या मागं होते. त्यांनी दगडांकडं पाहिलं. वरच्या गारगोटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, फार तर एक क्षणभर. आणि तुम्हाला म्हणाले, "चुकलं, सायेब." एवढंच. तुम्ही ती गारगोटी उचलून दरीत भिरकावलीत. त्यांनी मेंढरं वळवली. त्यानंतर त्यांनी पठारावर पाय ठेवला नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि तुमची वही निम्म्यावर आली. आई दोन-तीनदा म्हणाली, तो माणूस तसला नव्हता हो. तुम्ही म्हणालात, माणूस कसला आहे ते त्याच्या खुणेवरून कळतं. दुसरी गारगोटी माझ्याकडं आहे. इथं, पासपोर्ट ठेवतो त्या खणात. लेकीनं लहानपणी विचारलं होतं हे काय, तर मी म्हणाले होते, आमच्या गावचा दगड.

काल शुक्रवार होता. भाई बस घेऊन आले. मी पुढं जाऊन त्यांचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, मी त्यांच्यासाठी घावनं करून नेली होती ती दिली, त्यांनी घेतली. सगळं नीट होईल असं मला वाटलं. कड्यावर पोचलो, सगळे उतरले, ते उतरले नाहीत. मी म्हणाले, चला की भाई, रणगोजे आलेत, खाली फुलं बघा किती आलीत. ते स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "नको ताई. मी हिथंच बरा. परत काय झालं तर माझं पाऊल नको तिथं." रागानं नाही म्हणाले. दिवसभर ते काचेआड बसून होते. मी वाळूचा पट्टा ओलांडला तो वळसा घालून, आणि परतताना एक सुकी फांदी घेऊन माझीच पावलं पुसत पुसत मागं मागं आले. गाडीपाशी आल्यावर त्यांनी खिडकी थोडी खाली केली आणि म्हणाले, "डावीकडची दोन राहिली." मी परत गेले आणि ती पुसली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. मामांना लिहायला हवं होतं, पण त्यांचंही नाव मला माहीत नाही. तुमच्या वह्या मी गेल्या मे महिन्यात चाळल्या, तुम्हीही सगळीकडं 'मेंढपाळ' एवढंच लिहिलं आहे. आता ते हयात असायचीही शक्यता नाही.

एक कबूल करते. शेवटच्या आजारात, सातारच्या दवाखान्यात, मी तुमच्या उशाशी आठ दिवस होते. एका सकाळी तुम्ही आपणहून म्हणालात, "त्या मेंढक्यानं असं का केलं आसंल गं?" तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात, ऐकायला येत होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तुमचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाले, झोपा आता. मी विसरले नव्हते, आप्पा. तुम्ही माझ्याकडंही त्या नजरेनं बघाल, आणि मग ती नजर बदलायला तुमच्याजवळ दिवस उरलेले नाहीत, हे मला दिसत होतं. म्हणून हे सांगायला तुम्ही जाईपर्यंत मी थांबले.